तळ्यातली कोळंबी आणि नत्राचा हिशेब

जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तरी मुंबईच्या बाजारात कोळंबीच्या टोपल्या भरलेल्या असतात. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मावशी, तळ्यातली नाही ना?" तळ्यातली कोळंबी म्हणजे इंजेक्शन देऊन फुगवलेली, असा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. एका तळ्यात लाखो कोळंब्या असतात. एकेक धरून सुई टोचणं कुणालाच शक्य नाही आणि परवडणारंही नाही. प्रतिजैविकांचा प्रश्न मात्र खरा आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर बंदी आहे आणि त्यांचे अंश सापडले की निर्यातीचा माल परत येतो. पण तळ्यातली कोळंबी पर्यावरणाला कितपत पेलते, हे समजून घ्यायचं तर औषधांच्या आधी नत्राकडे, म्हणजे नायट्रोजनकडे बघावं लागतं.

प्रश्न किरकोळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार २०२२ साली जगात पहिल्यांदाच पाळलेल्या जलचरांनी पकडून आणलेल्यांना मागे टाकलं: ९ कोटी ४४ लाख टन, एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के. समुद्रातून मिळणारी मासळी गेली तीन दशकं जवळपास तिथल्या तिथेच आहे. वाढती मागणी तळ्यांनी आणि पिंजऱ्यांनीच भागवली आणि पुढेही तीच भागवणार. म्हणून मत्स्यशेती हवी की नको, या वादात मला अर्थ दिसत नाही. ती कशी करायची, एवढाच प्रश्न उरतो.

तळ्यावर चेक ट्रे नावाची एक साधी वस्तू असते. चौकटीला बारीक जाळी लावलेली, दोरीने पाण्यात सोडलेली. खाद्य टाकताना त्यातलं थोडं या ट्रेमध्ये ठेवतात आणि दोन तासांनी तो वर ओढतात. खाद्य उरलं असेल तर पुढच्या वेळी कमी टाकायचं. ट्रेवर आलेल्या कोळंबीकडेही बघायचं. तिचं अंग पारदर्शक असतं, पाठीतून जाणारी आतड्याची काळपट रेघ स्पष्ट दिसते. रेघ सलग भरलेली असेल तर कोळंबी नीट खाते आहे. तुटक दिसली तर काहीतरी बिघडलं आहे. शेतकऱ्याच्या खर्चातला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो. ट्रेवर उरलेला प्रत्येक दाणा हा त्याचा तोटा, आणि तोच दाणा पाण्यात कुजला की प्रदूषण.

आता आकडे मांडू. एक किलो कोळंबी वाढवायला दीड किलो खाद्य लागलं आणि त्यात ३५ टक्के प्रथिनं आहेत असं धरू. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणजे ८४ ग्रॅम नत्र तळ्यात पडलं. एक किलो कोळंबीच्या शरीरात सुमारे २९ ग्रॅम नत्र असतं. बाकीचं ५५ ग्रॅम पाण्यात आणि तळाच्या गाळात गेलं. आता तीच कोळंबी दीडऐवजी १.२ किलो खाद्यात वाढवली तर? नत्र पडलं ६७ ग्रॅम, वाया गेलं ३८. खाद्य २० टक्क्यांनी कमी झालं, पण कचरा ३० टक्क्यांनी घटला. कारण कोळंबीच्या अंगात जाणारा वाटा तेवढाच राहतो, बचत होते ती सगळी वाया जाणाऱ्या भागातून. मत्स्यशेतीतलं मला सगळ्यांत आवडणारं गणित हे.

वाया गेलेल्या नत्राचा मोठा भाग अमोनिया होतो आणि इथून रसायनशास्त्र सुरू होतं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. एक अमोनियम आयन, विद्युतभार असलेला आणि बराचसा निरुपद्रवी. दुसरा भाररहित अमोनिया, जो कल्ल्यांच्या पडद्यातून सहज आत शिरतो आणि विषारी ठरतो. कुठलं रूप किती, हे पाण्याचा सामू, म्हणजे पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप), ठरवतो. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सामू ७ असेल तर विषारी वाटा एक टक्क्याहूनही कमी. सामू ८ झाला की साडेसात टक्के. ९ झाला की ४५ टक्क्यांच्या घरात. खाऱ्या पाण्यात हे आकडे थोडे खाली येतात, पण चढ तसाच.

आणि तळ्याचा सामू दिवसभर बदलत राहतो. उन्हात पाण्यातलं सूक्ष्म शैवाल कार्बन डायऑक्साइड शोषतं. तो पाण्यात कार्बोनिक आम्ल बनवतो, त्यामुळे तो कमी झाला की सामू वर चढतो. म्हणून अमोनियाचा धोका दुपारी. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण श्वसन सगळ्यांचंच चालू राहतं: कोळंबीचं, शैवालाचं, गाळातल्या जिवाणूंचं. प्राणवायू उतरत जातो आणि पहाटे सर्वांत कमी होतो. मुळात पाण्यात तो असतोच किती? लिटरभर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू. ३० अंशांच्या निमखाऱ्या लिटरभर पाण्यात जेमतेम सात.

म्हणून तळ्यात चाकाचे एअरेटर, म्हणजे पाणी घुसळून त्यात हवा मिसळणारी यंत्रं, फिरतात. पण हवेतला प्राणवायू पाण्यात किती वेगाने उतरेल, हे पाण्यात त्याची तूट किती आहे यावर ठरतं. स्वच्छ, प्राणवायू काढून टाकलेल्या पाण्यावर चाचणी घेतली तर चांगला एअरेटर एका युनिट विजेत सुमारे दोन किलो प्राणवायू मिसळतो. तळ्यात मात्र प्राणवायू लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या खाली जाऊच द्यायचा नसतो. त्या पातळीला तूट फक्त तीनेक मिलिग्रॅमची, त्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण तिसरा हिस्सा प्राणवायू मिळतो. त्यात अमोनियातलं एक ग्रॅम नत्र जिवाणूंनी नायट्रेटमध्ये बदलायचं तर साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू खर्ची पडतो. म्हणजे जादा टाकलेल्या खाद्याचे पैसे शेतकरी दोनदा भरतो, एकदा खाद्याच्या पोत्यात आणि मग विजेच्या बिलात.

पहाटे अख्खं तळं मरून तरंगलं की "नजर लागली", "कुणीतरी काहीतरी केलं" अशी कुजबुज सुरू होते, बांधावर नारळ फुटतो. प्राणवायू मोजायचं मीटर आदल्या रात्री पाण्यात धरलं असतं तर कारण आकड्यातच दिसलं असतं. तितकाच घातक आहे बायोफ्लॉक या टाकीत मासे वाढवण्याच्या तंत्राचा गाजावाजा. घरामागच्या टाकीत लाखोंची कमाई सांगणारे व्हिडिओ पाहून अनेकांनी कर्ज काढलं. तंत्र खोटं नाही. गूळ किंवा मळी टाकून जिवाणू वाढवायचे, ते अमोनिया खातात आणि मासे त्या जिवाणूंचे पुंजके खातात. पण एक ग्रॅम नत्र असं बांधायला सुमारे २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. वरचं ५५ ग्रॅम सगळं बांधायचं तर किलोभर कोळंबीमागे किलोभराहून जास्त! शिवाय ते जिवाणूही प्राणवायू ओढतात, त्यामुळे वीज तासभर गेली तरी टाकी संपते. हे त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही.

इथवर खिसा आणि पर्यावरण एकाच बाजूला आहेत. बांधाच्या बाहेर ते वेगळे होतात. काढणीनंतर तळ्याचं पाणी आणि गाळ खाडीत सोडायला शेतकऱ्याला काहीच खर्च येत नाही. सांडपाण्यातला गाळ खाली बसवणारं निवळण तळं बांधायला जमीन जाते. कांदळवन तोडून तळं खणणंही त्याला स्वस्त पडतं, नुकसान होतं ते खाडीत पिल्लं वाढवणाऱ्या मासळीचं आणि तिच्यावर जगणाऱ्या कोळ्यांचं. ११ डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीच्या नियंत्रित पट्ट्यातल्या, पारंपरिक नसलेल्या कोळंबी तळ्यांना मनाई केली. पुढे २००५ च्या कायद्याने तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागू करून वाट मोकळी केली. सांडपाण्यावर प्रक्रियेची सक्ती मात्र नियमावलीत पाच हेक्टर आणि त्यावरच्या तळ्यांपुरती ठेवली गेली. आपल्याकडची बहुतेक तळी त्याहून लहान आहेत. मला ही मोठी उणीव वाटते. लहान तळ्यांनी मिळून एक निवळण तळं बांधावं आणि त्याला सरकारने अनुदान द्यावं.

कारण एकट्या शेतकऱ्याच्या हातात दर नसतो. २०२३-२४ मध्ये भारताने ६० हजार कोटींहून जास्त रुपयांची मासळी निर्यात केली, त्यातली सुमारे ४० हजार कोटींची गोठवलेली कोळंबी, आणि तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क बसलं. असा फटका बसतो तेव्हा पर्यावरणासाठीचा खर्च सर्वांत आधी कापला जातो.

जागेचा प्रश्न सोडवण्याची एक वाट वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने दाखवली आहे. तिच्या हरियाणातल्या लाहली केंद्रात, क्षारांनी नापीक झालेल्या जमिनीतल्या खाऱ्या भूजलावर व्हेनामी जातीची कोळंबी वाढवली गेली. या भूजलात पोटॅशियम फार कमी असतं, म्हणून पोटॅश घालून आयनांचं प्रमाण सुधारावं लागतं. तिथे कांदळवन तोडायची गरजच पडत नाही.

आणि कालवं, शिनाणे यांना तर खाद्यच लागत नाही. ती पाणी गाळून त्यातलं शैवाल खातात, काढणी केली की उलट नत्र खाडीबाहेर नेतात. मुंबईच्या खडकांवरही कालवं धरतात. पण पाणी गाळताना ती सांडपाण्यातले जिवाणू आणि जड धातूही अंगात साठवतात, म्हणून शहराचं मैलापाणी पूर्ण शुद्ध होऊन सोडलं जात नाही तोवर इथली कालवं खाऊ नयेत. ही शेती आज करायची तर सिंधुदुर्गाच्या स्वच्छ खाड्यांत करावी आणि तिथली कालवं मुंबईच्या बाजारात आणावीत.