लँडकेअर

लँडकेअर : शेजारशेजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या शिवारातील माती, पाणी, झाडोरा आणि वन्यजीव यांची निगा राखण्याची, ऑस्ट्रेलियात रुजलेली लोकचळवळ. तिची सुरुवात नोव्हेंबर १९८६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात, सेंट आर्नॉडजवळच्या विंजॅलॉक येथे झाली. राज्याच्या तत्कालीन मंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या जोन कर्नर व व्हिक्टोरियातील शेतकरी महासंघाच्या अध्यक्ष हीदर मिचेल या दोघींनी तिला आकार दिला. एक मजूर पक्षाची, दुसरी शेतकऱ्यांची पुढारी. राजकारणात एरवी समोरासमोर उभ्या राहणाऱ्या या दोन बाजू एका कामासाठी एकत्र आल्या, हे या चळवळीचे मोठे बळ ठरले.

अशा एकीची गरज का पडली हे कळायचे तर तेथील मिठाचा प्रश्न आधी पाहावा लागतो. वाऱ्यापावसाबरोबर समुद्रावरून आलेले मीठ हजारो वर्षे तेथील जमिनीच्या खोल थरांत साचत आले होते. निलगिरीच्या जातकुळीतील खोल मुळांची झाडे पावसाचे बहुतेक पाणी वर्षभर शोषून घेत. त्यामुळे भूजल खोल राही आणि मीठही खालीच पडून राही. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी गव्हासाठी आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी हे रान तोडले. गव्हाची मुळे त्या मानाने उथळ, आणि पीक उभे राहते ते मोजके महिने. उरलेले पाणी खाली झिरपत गेले, भूजल चढू लागले आणि चढताना मीठ वर घेऊन आले. सखल रानांवर पांढरी खपली धरली, ओढे खारे झाले. सांगली-कोल्हापूरकडे ‘रानाला मीठ फुटलं’ म्हणतात, तोच हा प्रकार. कारण मात्र वेगळे. कृष्णाकाठची जमीन क्षारपड झाली ती मुख्यतः उसाला दिलेल्या अति पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावाने. ऑस्ट्रेलियाच्या कोरडवाहू पट्ट्यात पाटाचे पाणी न देताही मीठ फुटले.

खरी मेख पुढेच आहे. झाडे तुटतात टेकडीवरच्या शेतात आणि मीठ फुटते पायथ्याच्या शेतात. वरच्या शेतकऱ्याने पुन्हा झाडे लावल्याशिवाय किंवा लसूणघासासारखे खोल मुळांचे बारमाही पीक घेतल्याशिवाय खालचे भूजल उतरत नाही; खालच्याने एकट्याने कितीही राबून उपयोग थोडा. म्हणूनच लँडकेअरचे अनेक गट शेताच्या हद्दी न पाहता पाणलोटानुसार बांधले गेले. सशांचीही तीच गोष्ट. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन यांनी व्हिक्टोरियात शिकारीसाठी सोडलेल्या युरोपीय सशांची संतती देशभर पसरली. एकाने बिळे खणून मोडली आणि शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर ससे कुंपणाखालून परत येतात.

गटात येणे ऐच्छिक असते आणि जमिनीची मालकी ज्याची त्याचीच राहते. सभासद पाणलोटाचा नकाशा मांडून कामे ठरवतात : ओढ्याकाठी कुंपण घालून गुरांना पाणी दुसरीकडे पाजणे, स्थानिक झाडांचे बी गोळा करून रोपे करणे, घळी बुजवणे, उरल्यासुरल्या रानाचे तुकडे झाडांच्या पट्ट्यांनी जोडणे. वन्यजीवांना या जोडपट्ट्या फार मोलाच्या. व्हिक्टोरियातील बेनालाजवळच्या लर्ग टेकड्यांत शेतकरी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे शेतांच्या कडेने फुलांत भरपूर मध असणारी झाडे लावली आहेत. ती मुख्यतः रीजंट हनीईटर या फुलांतील मधावर जगणाऱ्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यासाठी. तेथे उडत्या पोसमांसाठी (कातडीचा पडदा पसरून झाडावरून झाडावर तरंगत जाणारे, ढोलीत राहणारे लहान प्राणी) घरट्यांच्या पेट्याही टांगल्या आहेत, कारण ढोली पडायला झाड फार जुने व्हावे लागते.

ऑस्ट्रेलियन कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या पर्यावरण संस्थेचे फिलिप टॉइन आणि नॅशनल फार्मर्स फेडरेशन या शेतकरी संघटनेचे रिक फार्ली यांनी संयुक्त प्रस्ताव मांडल्यावर जुलै १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. घोषणेसाठी मरी आणि डार्लिंग नद्यांच्या संगमावरचे वेंटवर्थ निवडले होते. १९९० चे दशक ‘लँडकेअर दशक’ ठरले आणि गटांची संख्या सुमारे ४,००० वर गेली.

टीकाही झाली, आणि ती रास्त होती. एकीकडे स्वयंसेवक रोपे लावत असताना क्वीन्सलंडमध्ये त्याच दशकात प्रचंड क्षेत्रावरील रान सफाचट होत होते. लहान गटांची लावण त्या मानाने फारच थोडी. पुढे निधी प्रादेशिक संस्थांमार्फत वाटला जाऊ लागला, तेव्हा गावपातळीवरच्या अनेक गटांना समन्वयकाचा पगार भागवणे अवघड झाले. समन्वयक गेला की सभा थंडावतात, हा ठिकठिकाणचा अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियाबाहेर या पद्धतीचे सर्वांत ठळक रूप फिलिपिन्समध्ये दिसले. मिंडानाओ बेटावरील क्लावेरिया येथे १९९६ पासून डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांनी गट केले. समपातळीत अरुंद पट्टे न नांगरता सोडायचे, त्यांवर आपोआप गवत वाढू द्यायचे. वाहती माती गवताला अडून हळूहळू पायऱ्या तयार होतात. यासाठी विकतचे काही लागत नाही. पुढे या पट्ट्यांवर शेतकऱ्यांनी गटाच्या रोपवाटिकांतून आणलेली फळझाडे आणि इमारती लाकडाची झाडे लावली.