हौतात्म्य

हौतात्म्य : श्रद्धेसाठी, तत्त्वासाठी किंवा समाजासाठी जाणीवपूर्वक पत्करलेले मरण. असे मरण पत्करणारी व्यक्ती म्हणजे हुतात्मा. ‘शहादत’ आणि ‘शहीद’ ही जोडीही मराठीत याच अर्थाने चालते. व्याख्येतला कळीचा शब्द ‘पत्करलेले’ हा आहे. माघारीची वाट मोकळी होती आणि ती घेतली नाही, एवढे दिसले की हौतात्म्याचा मूळ अर्थ पुरा होतो. प्रत्यक्ष वापरात मात्र ही अट केव्हाच सैल झाली आहे.

संस्कृतातील ‘हु’ या धातूचा अर्थ अग्नीत अर्पण करणे. हवन, होम, आहुती हे सगळे त्याच घरातले शब्द. ‘हुत’ म्हणजे अर्पण केलेले. ज्याने स्वतःलाच अर्पण केले तो हुतात्मा. मराठीत हा शब्द घडवण्याचे श्रेय वि. दा. सावरकर यांना दिले जाते. भाषाशुद्धीच्या आग्रहातून ‘शहीद’ला पर्याय म्हणून तो आला आणि त्या मोहिमेतल्या कितीतरी शब्दांपेक्षा अधिक रुळला, इतका की तो घडवलेला आहे याची आज कुणाला शंकाही येत नाही. भाववाचक नाम करताना पहिल्या स्वराची वृद्धी होते : महात्म्याचे माहात्म्य, तसे हुतात्म्याचे हौतात्म्य. ‘हुतात्म्य पत्करले’ हे अशुद्ध. ‘हुतात्म्यांना अभिवादन’ हे मात्र बिनचूक आहे, कारण तिथे ‘हुतात्मा’चे सामान्यरूप आहे. बहुधा याच सारखेपणातून ‘हुतात्म्य’ ही चूक पसरली असावी.

जगातल्या बऱ्याच भाषांत हा शब्द यज्ञकुंडाजवळ जन्मलेला नाही. तो न्यायालयातून आला आहे. ग्रीक ‘मार्तुस’ म्हणजे साक्षीदार. इंग्रजी ‘मार्टर’ त्यावरूनच आला. ख्रिस्ती परंपरेत पहिला हुतात्मा मानला जाणारा स्तेफन दगडांनी ठेचून मारला गेला. नव्या करारात त्याच्यासाठी हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ अजून ‘साक्ष देणारा’ असाच आहे. दुसऱ्या शतकात स्मर्नाचा (आजच्या तुर्कस्तानातील इझमीरचा) बिशप पॉलिकार्प जाळला गेला. त्याच्या मृत्यूच्या वृत्तान्तापर्यंत येताना ‘साक्षीदार’ मागे पडून ‘साक्षीपायी मेलेला’ हा अर्थ घट्ट झालेला दिसतो. साक्ष दिली, शिक्षा भोगली, पण जिवंत राहिला, त्याच्यासाठी पुढे वेगळी संज्ञा आली : ‘कन्फेसर’, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारा.

अरबीतही तीच वाट. ‘शहीद’ची मुळाक्षरे साक्षीची आहेत आणि कुराणात हा शब्द बहुतेक ठिकाणी साक्षीदार याच अर्थाने येतो. पाकिस्तानातल्या १९८४ च्या पुराव्याच्या कायद्याचे नाव ‘कानून-ए-शहादत’ आहे. त्यात रणांगण कुठेच नाही, फक्त साक्षीपुरावा आहे. मल्याळममध्ये दोन्ही अर्थ जोडणारा ‘रक्तसाक्षी’ हा शब्द आहे आणि तो धर्माइतकाच राजकारणातही वापरला जातो. ज्यू परंपरेची कल्पना याहून निराळी : ‘किद्दुश हाशेम’, म्हणजे देवाच्या नावाचे पावित्र्य राखणे.

साक्ष आणि आहुती या दोन कल्पना वरवर सारख्या वाटतात. साक्षीला ऐकणारा लागतो. कोणीतरी प्रश्न विचारलेला असतो आणि मरणारा त्याचे उत्तर देत असतो. आहुतीला प्रश्नकर्ता लागत नाही, देवता लागते, मग ती मातृभूमी असो की एखादे ध्येय. ‘शहीद’ व ‘हुतात्मा’ हे शब्दकोशात समानार्थी असले, तरी एकाचा भर बोलण्यावर आहे आणि दुसऱ्याचा देण्यावर. यात एक गंमतही दडली आहे. रोमन अधिकारी ख्रिस्ती कैद्यांकडून अनेकदा मागत ती गोष्ट म्हणजे देवतांपुढे किंवा सम्राटाच्या प्रतिमेपुढे चिमूटभर धूप अग्नीत टाकणे. ज्यांनी आहुती द्यायला नकार दिला ते मारले गेले. आपण त्यांना मराठीत हुतात्मे म्हणतो.

सावरकरांचा शब्द येण्यापूर्वी मराठी मुकी नव्हती. लढाईत मरणे याला ‘धारातीर्थी पडणे’ म्हणत : तलवारीची धार हेच तीर्थ. ‘कामी येणे’ हा त्याहून रोखठोक प्रयोग. गावोगावच्या वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवर, हीच समजूत दगडात कोरलेली आहे. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. इथे कुणी कुणापुढे साक्ष देत नाही. गुरे राखताना मेलेला माणूसही वीरगळाचा धनी होतो. शौर्याला मिळणारे फळ म्हणजे स्वर्ग, एवढा साधा हिशेब आहे. छळाला तोंड देत, हातात शस्त्र नसताना मरण पत्करणाऱ्यासाठी या जुन्या शब्दसंग्रहात नेमका शब्द नव्हता; ती जागा ‘हुतात्मा’ने भरली.

स्वातंत्र्यलढ्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगणात गेले. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी गेलेले भगतसिंग ‘शहीद’ म्हणून ओळखले जातात. त्याआधी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. हे चौघे सोलापूरचे चार हुतात्मे. ‘कुर्बान’ या शब्दाचा अर्थही अर्पण असाच होतो, तेव्हा त्यांच्या बाबतीत नाव आणि उपाधी एकच गोष्ट दोन भाषांत सांगतात. शब्दाची शुद्धी करणाऱ्यांना अभिप्रेत नव्हते असे हे मीलन लोकांनी सहज घडवले. बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. हातात शस्त्र नाही, बाजूला होण्याची मुभा आहे, तरी तो हलत नाही. मूळ व्याख्या इतकी तंतोतंत पाळणारे उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

हौतात्म्य मरणाऱ्याच्या हातात अर्धेच असते; उरलेले अर्धे मागे राहिलेले ठरवतात. मरणाची भीषणता हा त्याचा निकष नाही. हुतात्मा शिक्षेने होत नाही, कारणाने होतो, असे संत ऑगस्टीन यांनी बजावले होते. स्वतःहून मरण ओढवून घेणाऱ्यांविषयी तर आरंभीच्या चर्चलाही संशय होता. पॉलिकार्पच्याच वृत्तान्तात क्विंतुस नावाचा एक माणूस येतो. तो आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही पुढे केले, आणि श्वापदे पाहताच कच खाऊन त्याने देवतांना अर्पण करून टाकले. लिहिणारा त्याची कीव करत नाही.

निवाडा किती नाजूक असतो हे माक्सिमिलियन कोल्बे यांच्या उदाहरणात दिसते. १९४१ साली आउश्वित्झच्या छळछावणीतून एक कैदी पळाला, म्हणून दहा जणांना उपाशी मारण्याची शिक्षा झाली. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक बायकामुलांच्या आठवणीने रडू लागला. तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी आपल्याला घ्या म्हणाले. १४ ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन देऊन मारले. १९७१ मध्ये चर्चने त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केले ते हुतात्मा म्हणून नव्हे, कन्फेसर म्हणून. कारण मारेकऱ्यांनी त्यांना श्रद्धेच्या द्वेषापोटी निवडले नव्हते. १९८२ मध्ये संतपद देताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी हा निर्णय बदलला आणि कोल्बे हुतात्मा ठरले. गायोव्हनिचेक त्या समारंभाला हजर होते. मृत्यू तोच, माणूस तोच. अकरा वर्षांत शब्द बदलला.

इस्लामी परंपरेत या शब्दाचे दार याउलट बरेच रुंद आहे. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहात, प्लेगने, बुडून, पोटाच्या विकाराने किंवा कोसळलेल्या भिंतीखाली मेलेल्यालाही शहीदाचा दर्जा सांगितला आहे. रणांगणावरचा शहीद मात्र वेगळा : अनेक मतांनुसार त्याला न्हाऊ न घालता अंगावरच्या रक्ताळलेल्या वस्त्रांनिशी दफन करतात. शिया पंथाची तर सारी स्मृती इ. स. ६८० मधल्या करबलाभोवती, प्रेषितांचे नातू हुसेन जिथे मारले गेले त्या लढाईभोवती, फिरते. शीख परंपरेत गुरू अर्जनदेव (१६०६) आणि गुरू तेगबहादूर (१६७५) यांच्या मृत्यूला ‘शहीदी’ म्हणतात. तेगबहादूर यांची शहीदी केवळ आपल्या पंथासाठी नव्हती, हे तिथे आवर्जून सांगितले जाते.

आजच्या मराठीत क्रियापद निवडले की लिहिणाऱ्याची भूमिका कळते. हौतात्म्य ‘पत्करतात’ तेव्हा इच्छा गृहीत असते. ‘लाभते’ तेव्हा तो मान होतो. जवानाला ‘वीरमरण’ येते. बॉम्बस्फोटात किंवा पुलाच्या दुर्घटनेत मात्र लोकांचे ‘बळी जातात’. बळी हाही पूजेतलाच शब्द, पण आहुती स्वतःची देता येते, बळी दुसरा कोणीतरी घेतो. गोळीबारात मेलेल्यांना कोणत्या बाजूला ठेवायचे यावर म्हणूनच भांडणे होतात. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या मृतांबाबत हा प्रश्न लोकांनी निकालात काढला. ‘१०५ हुतात्मे’ हा आकडाच म्हणीसारखा झाला, नंतरच्या याद्यांत तो १०६ आणि १०७ होऊनही.

घरगुती बोलण्यात शब्दाला खवचट धारही आहे. सगळी कामे अंगावर घेऊन उसासे टाकणाऱ्याला ‘हुतात्म्याचा आव आणू नकोस’ असे ऐकावे लागते. सरकारी कागदांवर याच्या अगदी उलट : केंद्र सरकारने संसदेत सांगितले आहे की सैन्यदलांसाठी ‘शहीद’ या शब्दाची अधिकृत व्याख्या नाही. तिथे नोंद होते ती ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतील हानी) अशी, आणि कुटुंबाला मिळणारे लाभ त्या नोंदीवर ठरतात. शवपेटी गावात येते तेव्हा फलकावर मात्र ‘हुतात्मा’ किंवा ‘शहीद’ हेच लिहिलेले असते.