सोबतीसाठी पिणं आणि सुटकेसाठी पिणं

एक जण शनिवारी मित्रांच्या बैठकीत बसतो, मोठमोठ्यानं हसतो, उशिरा घरी येतो. दुसरा रोज रात्री एकटाच दोन पेग घेतो आणि गुपचूप झोपतो. नातेवाईक नावं ठेवतात ती पहिल्याला. दुसऱ्याचा कुणाला त्रास नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी बोलतही नाही. मला काळजी दुसऱ्याची जास्त वाटते.

माणूस का पितो याची नेटकी मांडणी मानसशास्त्रज्ञ लिन कूपर यांनी १९९४ मध्ये केली. त्यात चार हेतू आहेत: मजा वाढवणं, लोकांत मिसळणं, गटातून वगळलं जाऊ नये म्हणून हो म्हणणं आणि नकोशा भावना दाबणं. लोकांत मिसळण्यासाठी पिणाऱ्यांपेक्षा भावना दाबण्यासाठी पिणाऱ्यांच्या वाट्याला अडचणी जास्त येतात, अगदी दारूचं प्रमाण सारखं असलं तरी.

असं का? सोबतीसाठी पिणाऱ्याला आठवण करून देणाऱ्या गोष्टी बाहेर असतात: ठरावीक मित्र, ठरावीक जागा, सुट्टीची संध्याकाळ. मंडळी पांगली की प्यायचं निमित्तही जातं. सुटकेसाठी पिणाऱ्याचं निमित्त त्याच्या आतच असतं. भांडण, एकटेपणा, उद्याची धास्ती हे सगळं घर बदललं तरी सोबत येतं. शिवाय पहिल्या घोटानं खरंच बरं वाटतं, आणि मेंदू नेमकं तेच शिकून ठेवतो. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला जोर देते. मेंदू तोल सांभाळायला उलट दिशेनं ताण देतो. दारू उतरली की तो ताण तेवढा उरतो. म्हणून मध्यरात्रीनंतर झोप मोडते आणि सकाळी विनाकारण धडधडतं. ज्या घालमेलीवर उपाय म्हणून पेग भरला, तीच वाढून परत येते आणि संध्याकाळी पुन्हा बाटली उघडली जाते.

परिस्थितीचा जोर किती असतो, ते व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात दिसलं. तिथे साधारण पाचातला एक सैनिक हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा त्या व्यसनींपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले जेमतेम ५ टक्के निघाले. आता यात सोबतीचा वाटा किती आणि युद्धाच्या भीतीचा किती? दोन्ही एकदमच मागे राहिले होते, त्यामुळे वेगळं काढणं अवघड.

माणसातही हे दोन हेतू एकमेकांत मिसळतात. समारंभाला निघण्याआधी घरीच एक पेग मारून जाणारा दिसायला मिळून-मिसळून पिणारा असतो, पण खरं तर त्याला चारचौघांत बोलायची भीती दाबायची असते. ओळखायचं असेल तर किती पितो याआधी वेगळं काही विचारा. सगळ्यांनी लिंबू-सरबत घेतलं, तरी हा तितकाच रमेल का? वाईट बातमी आली की याला आधी माणूस आठवतो की बाटली?

अर्थात यकृत हेतू विचारत नाही. हसत-खेळत प्यायलेली दारूही शरीराला तितकीच बाधते. आणि सोबतीतून सुरू झालेलं पिणं पुढे नोकरी गेली, जवळचं माणूस गेलं की सुटकेचं होऊन बसू शकतं.

उपाय मात्र एकाच मापाचे चालत नाहीत. पहिल्याला नाही म्हणायचा सराव आणि दारूवाचून भेटायची निमित्तं बरीच उपयोगी पडतात. दुसऱ्याची नुसती संगत बदलून भागत नाही; त्याची चिंता, उदासी किंवा निद्रानाश यांवर उपचार करावे लागतात. आणि कारण कोणतंही असो, बराच काळ रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्यांच्या आग्रहाखातर एका दिवसात बंद करू नये. फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. अशी दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.