दैव आणि पुरुषकार

माणसाच्या वाट्याला येते ते आधीच ठरलेले असते की त्याच्या करणीने घडते, या जुन्या वादातील दोन बाजू. टळत नाही ते दैव. माणूस आपल्या बळावर करतो तो पुरुषकार, म्हणजे प्रयत्न. सगळे ठरलेलेच असेल तर औषध, नांगरणी, शिक्षा यांना अर्थ उरत नाही. काहीच ठरलेले नसेल तर राबणाऱ्याचेच पीक का बुडते, याला उत्तर सापडत नाही.

दैवाची टोकाची बाजू आजीविक या प्राचीन पंथाने घेतली. फेकलेला सुताचा गुंडा उलगडून संपेपर्यंत पळतो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही जन्ममरणाचे ठरलेले फेरे संपवूनच सुटतात, असे या पंथाचा आचार्य मक्खलि गोसाल याचे मत दीघनिकाय या बौद्धांच्या पालि ग्रंथात नोंदले आहे. ते विरोधकांनी नोंदलेले आहे, हे वाचताना विसरू नये.

या वादाला सर्वांत जिवंत उत्तर दिले ते वैद्यांनी. चरकसंहितेच्या विमानस्थान या भागात (अध्याय ३) साथीने गावेच्या गावे ओस पडण्याची चर्चा चालू असताना शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेले असते का? आत्रेय म्हणतात, तसे असते तर कोणी औषध घेतले नसते, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून कोणी बाजूला झाले नसते. चांगला आस गाडीला बसवला तर तो झिजून आपल्या वेळी मोडतो. पण ओझे जास्त झाले, रस्ता खडबडीत लागला, खीळ निसटली किंवा वंगण घातले नाही, तर तोच आस अर्ध्या वाटेत मोडतो. आयुष्याचेही तसेच. दैव म्हणजे मागील देहात आपणच केलेले कर्म, पुरुषकार म्हणजे या देहात केलेले. जे बलवान ते दुर्बळाला हटवते.

मग ते मागचे कर्म कशाने घडले? वेदान्ताचे उत्तर आहे की संसार अनादी आहे, पहिले कर्म असे नाहीच. याने पेच सुटत नाही, मागे सरकतो.

मराठी घरांत दोन्ही बाजू एकत्र नांदतात. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई कपाळी लेख लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. जन्मभर पाठ न सोडणाऱ्या दुःखाला ‘पाचवीला पुजलेले’ म्हणतात ते यावरूनच. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणणाऱ्या तुकोबांनीच ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ असेही म्हटले आहे, आणि वारकरी दोन्ही अभंग तितक्याच जिव्हाळ्याने म्हणतात.