निधर्मी संगोपन (चर्चप्रधान समाजातील)

मुलांना कोणत्याही धर्माची दीक्षा, प्रार्थना वा उपासना न शिकवता वाढवण्याची पद्धत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील व मध्य-पश्चिमेकडील लहान गावांत वर्गातली बहुतेक मुले रविवारी चर्चला जातात. तिथे हा घरातला निर्णय घरापुरता राहत नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहण्यांनुसार कोणताच धर्म न सांगणाऱ्या अमेरिकन प्रौढांचे प्रमाण २००७ मध्ये १६ टक्के होते, २०२१ मध्ये ते २९ टक्के झाले. त्यांतले सगळेच नास्तिक नव्हेत. अनेक जण देव मानतात, पण चर्चशी संबंध ठेवत नाहीत.

खरी अडचण देव आहे की नाही ही नसून सोबतीची आहे. उन्हाळी सुटीतली बायबल शाळा, बुधवार संध्याकाळचा युवक गट, खेळाचे सामने, आजाऱ्याच्या घरी आळीपाळीने पोचवले जाणारे जेवण, हे सारे चर्चमार्फतच चालते. ‘तुम्ही कुठल्या चर्चला जाता?’ हा प्रश्न नव्या शेजाऱ्याला सहज विचारला जातो. शाळेत ‘कुठल्याच नाही’ असे उत्तर देणाऱ्या मुलाला कधीकधी ‘मग तू नरकात जाशील’ हे जवळच्या मित्राकडूनच ऐकावे लागते. तो मित्र बहुधा वाईट हेतूने बोलत नसतो, त्याला मनापासून काळजी वाटत असते. त्यामुळेच हे बोलणे जास्त लागते.

एकटे पडणे म्हणजे काय, हे इलिनॉयमधील शॅम्पेन येथील मॅक्कॉलम खटल्यात दिसते. तिथल्या सार्वजनिक शाळांत १९४० पासून शाळेच्या वेळेतच धर्मशिक्षणाचे तास होत. पालकांची संमती लागे, म्हणजे कागदोपत्री सक्ती नव्हती. पण जेम्स मॅक्कॉलम हा विद्यार्थी त्या तासाला बसत नसे, म्हणून त्याला वेगळे बसवले जाई. एकदा तर त्याला कॉरिडॉरमध्ये बसवले. शिक्षा झालेल्या मुलांची जागा तीच. येणारी-जाणारी मुले चिडवत. त्याची आई व्हॅश्टी यांनी दावा लावला, त्यापायी कुटुंबाने छळ सोसला, आणि १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी हे तास घटनाबाह्य ठरवले. ऐच्छिक म्हणवणारी गोष्ट मुलाला किती सक्तीची वाटते, हे या प्रकरणाइतके दुसऱ्या कशातून क्वचितच कळते.

पुढे त्याच न्यायालयाच्या निकालांनी १९६२ मध्ये शाळेने घ्यायच्या प्रार्थनेवर आणि १९६३ मध्ये बायबलच्या औपचारिक वाचनावर बंदी आली. शाळा सुटल्यावर त्याच इमारतीत धार्मिक क्लब भरवायला मात्र २००१ च्या निकालाने मोकळीक मिळाली. गर्ल स्काउट्सने १९९३ पासून प्रतिज्ञेतील ‘देव’ या शब्दाऐवजी आपला शब्द वापरण्याची मुभा दिली. बॉय स्काउट्सने ती दिली नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही देवाविषयीची प्रतिज्ञा न मानणाऱ्या जुळ्या भावांविरुद्ध निकाल दिला.

पर्यायी सोबत उभी करण्याचे प्रयत्न जुने आहेत. फेलिक्स ॲडलर यांनी १८७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या ‘एथिकल कल्चर’ चळवळीने मुलांसाठी रविवारचे नीतिवर्ग चालवले. १९९६ मध्ये निधर्मी कुटुंबांतील मुलांसाठी ‘कॅम्प क्वेस्ट’ हे उन्हाळी शिबिर सुरू झाले. अशी सोय सगळीकडे नाही. लहान गावात तर निधर्मी घर एखादेच असू शकते.

घरात धर्माचा विषयच न काढणे हा सोपा वाटणारा मार्ग फसवा आहे. बायबलमधली नोहाची नौका किंवा ईस्टर म्हणजे काय हे ज्या मुलाला ठाऊक नाही, ते मित्रांच्या गप्पांत अडखळते आणि ऐकीव भीतीपुढे निरुत्तर होते. म्हणून जाणते पालक निरनिराळ्या धर्मांच्या कथा सांगतात, ‘अनेकांना असे वाटते, आम्हाला तसे वाटत नाही’ एवढे स्पष्ट बोलतात, आणि मित्राच्या श्रद्धेची टिंगल करू देत नाहीत. आजी वारल्यावर ‘ती स्वर्गात आहे ना?’ असे विचारणाऱ्या सहा वर्षांच्या मुलापुढे मात्र हेही वाक्य अपुरे पडते. तिथे आजीच्या आठवणी काढत जवळ बसावे लागते. किशोरवयीन मुलाने मित्रांबरोबर युवक गटात जायचे म्हटले, तर अडवण्यापेक्षा जाऊ द्यावे आणि परतल्यावर तिथे काय झाले ते त्याच्याकडून ऐकून घ्यावे. घरी सर्व काही बोलता येते, याची खात्री त्याला तेव्हाच पटते.