टॉमी जॉन हे ऑपरेशन व्हायच्या आधी एक माणूस होता

२०१८ ला बेसबॉलपटू ओहतानीच्या कोपराचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळीकडे "टॉमी जॉन सर्जरी" असं वाचायला मिळायचं, आणि मी बरेच दिवस धरून चाललो होतो की टॉमी जॉन हा कुणीतरी डॉक्टर असणार. तर डॉक्टर नव्हे, पेशंट!

अमेरिकेत इंडियानातल्या टेरे हॉटचा डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, जन्म १९४३. विसाव्या वर्षी क्लीव्हलंडकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, आला, मग शिकागो व्हाइट सॉक्सकडे सात सीझन, मग १९७२ पासून लॉस एंजेलिस डॉजर्स. वेग काही घाबरवणारा नव्हता, त्याची सगळी मदार सिंकरवर, म्हणजे बॅटरजवळ येता येता खाली बसणारा चेंडू, मारायला जावं तर जमिनीवरच घरंगळत जातो.

१९७४ च्या सीझनमध्ये तो १३ सामने जिंकून फक्त ३ हरला होता (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराजय एका पिचरच्या नावावर लिहितात). १७ जुलैला मॉन्ट्रियल एक्स्पोजविरुद्ध एक चेंडू टाकला आणि कोपरात काहीतरी सुटल्यासारखं झालं, तरी गड्याने परत टाकून बघितलं, मग कळून चुकलं आणि स्वतःच चालत मैदानाबाहेर आला. कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, गेलं होतं. त्या काळी पिचरचं असं झालं की "डेड आर्म" म्हणायचे आणि विषय संपला.

डॉजर्सचे डॉक्टर फ्रँक जोब यांना हाताच्या आणि पोलिओच्या पेशंटमध्ये टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, इकडचं तिकडे लावतात हे माहीत होतं. तेच त्यांनी कोपरात करायचं ठरवलं, २५ सप्टेंबर १९७४ ला. उजव्या हाताचं टेंडन काढलं, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यातून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं ओवलं. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा आत वळवा, मधोमध जी दोरी वर येते ना, तेच ते टेंडन. काहींच्या हातात ती नसतेच आणि त्यांना पत्ताही नसतो.) परत खेळण्याची शक्यता जोबनी सांगितली शंभरात एक.

नंतर नसेचा त्रास सुरू झाला, बोटं आकडली, डिसेंबरमध्ये दुसरं ऑपरेशन, १९७५ चा अख्खा सीझन बुडाला. १९७६ ला परतला, १० जिंकले १० हरले, म्हणजे ठीकठाक. पण पुढचं बघा, १९७७ ला २० विजय, मग न्यूयॉर्क यांकीजकडे जाऊन १९७९ ला २१ आणि १९८० ला २२. एका सीझनमध्ये वीसचा आकडा ऑपरेशनआधी एकदाही गाठला नव्हता! एकूण २८८ विजय, त्यातले १६४ नव्या कोपराचे. २६ सीझन खेळून १९८९ ला थांबला तेव्हा वय ४६.

नशीब मात्र बेकार. १९७७ आणि ७८ ला डॉजर्सकडून वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची अंतिम लढत, यांकीजशी हरला, आणि १९८१ ला यांकीजकडून डॉजर्सशी. हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत जायला, पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात, याला त्या मतदानातल्या शेवटच्या वर्षी, २००९ ला, मिळाली ३१.७. मला हे पटत नाही, नुसते २८८ विजयच पुरेसे होते. २०१३ ला कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमने जोबचा सत्कार केला तेव्हा टॉमी जॉनही हजर होता, पाहुणा म्हणून.