‘ज्ञान’ की शहाणपण? नीतिसूत्रांतल्या एका शब्दाचा खान्देशापर्यंतचा प्रवास

फेब्रुवारी उजाडला की नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) एक वचन हमखास ऐकू येते. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायाचे पाचवे वचन: कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने ते देवाजवळ मागावे, तो दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो. बारावी आणि दहावीची पोरे पुढे येतात, पाळक डोक्यावर हात ठेवतात, आया डोळे मिटून उभ्या राहतात. प्रार्थना मनापासून असते, त्यात शंका नाही. पण याकोब तिथे परीक्षेबद्दल बोलत नाही. त्याच्या आधीची वचने संकटांबद्दल आणि धीराबद्दल आहेत. मार खाल्लेल्या, पांगलेल्या माणसांना तो सांगतो आहे की, या अवस्थेत कसे वागायचे ते कळत नसेल तर देवाला विचारा. ते ‘ज्ञान’ गुणपत्रिकेत उतरणारे नाही.

हा घोटाळा पोरांचा नाही, शब्दाचा आहे.

जुन्या करारात या गोष्टीसाठी हिब्रू शब्द येतो ‘होखमा’. तो मुळात हाताला चिकटलेला शब्द आहे. निर्गमच्या पुस्तकात निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभारायची वेळ येते तेव्हा देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो आणि त्याला होखमा देतो. कशासाठी? सोने-रुपे-पितळ घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. सूत कातणाऱ्या बायकांच्या अंगी असलेले कसबही तिथे होखमाच आहे. वादळात खलाशांची अक्कल गुंग होते असे १०७ वे स्तोत्र सांगते, तिथेही हाच शब्द. म्हणजे होखमा म्हणजे नीट करता येणे: लाकूड नीट तासता येणे, नाव नीट हाकता येणे, आणि मग ओघाने, आयुष्य नीट जगता येणे. जुन्या करारातले नीतिसूत्रांचे पुस्तक या शेवटच्या कसबाचे आहे.

मराठीत आपण त्याला ‘ज्ञान’ म्हटले आणि शब्दाचे हात सुटले. मराठी कानाला ज्ञान म्हटले की एक तर ब्रह्मज्ञान आठवते, नाही तर पुस्तकी विद्या. सुताराच्या हातात ज्ञान आहे, असे आपण सहसा म्हणत नाही.

हे कसे झाले ते पाहायचे तर भाषांतरांच्या मागे जावे लागते. मिशनरी विल्यम केरीने बंगालातल्या सेरामपूरहून (आपल्या नगरकडचे श्रीरामपूर नव्हे) १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, तोही मोडी लिपीत. त्यात वैजनाथ नावाच्या पंडितांची मदत होती. १८२६ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपला नवा करार काढला, आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. हे काम परदेशी मिशनरी आणि शिकलेले पंडित यांच्या जोडीने झालेले. त्यामुळे भाषेचा कल संस्कृताकडे गेला, यात नवल नाही. पंडिता रमाबाईंना हे खटकले. त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल असे बायबल तयार करण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनचे ते भाषांतर १९२४ मध्ये छापून आले. तरी मंडळ्यांमध्ये रुळलेल्या आवृत्तीत शब्द राहिला तो ‘ज्ञान’च. अलीकडच्या सोप्या मराठीतल्या भाषांतरात मात्र त्याच जागी ‘शहाणपण’ आले आहे. मला विचाराल तर हा शब्द फार आधी यायला हवा होता.

खान्देशात याला वेगळे वजन आहे. इथे ख्रिस्ती धर्म मुख्यतः पाटी-पुस्तक न पाहिलेल्या लोकांत रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व खान्देशात, म्हणजे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या पट्ट्यात, अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक काम करू लागले. पश्चिम खान्देशात स्वीडनचे मिशनरी आले. शिकागोत १८९० मध्ये सुरू झालेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोकही तिकडेच आले. याच मिशनचे नाव १९४९ पासून ‘टीम’ झाले. सातपुड्याच्या पायथ्याला आणि नवापूरच्या डोंगरात त्यांना भेटले ते भिल्ल, मावची, पावरा हे आदिवासी. त्यांच्या घरात मराठी नव्हती. ग्रिअर्सन या भाषातज्ज्ञाच्या भाषा-पाहणीचा १९०७ साली निघालेला खंड मुख्यतः भिल्ली बोली आणि खान्देशी यांना वाहिलेला आहे, यावरून इथल्या भाषांची गर्दी ध्यानात यावी. त्या माणसांसाठी मराठी ही शाळेची, कचेरीची आणि सावकाराची भाषा. त्याच भाषेत ‘ज्ञान मिळवा’ असे कानावर पडल्यावर ‘शाळा शिका’ असा अर्थ त्यांनी घेतला तर त्यांना दोष कसा द्यायचा? तो अर्थही वाया गेला नाही, वसतिगृहांतून पिढ्या शिकल्या. पण नीतिसूत्रे म्हणतात ते एवढेच नव्हते.

खरे तर नीतिसूत्रांची रीत या लोकांच्या सर्वांत जवळची होती. छोटे, ठसकेबाज, तोंडपाठ राहणारे दोन चरण. बाप मुलाला सांगतो, आई मुलाला सांगते. शेवटच्या अध्यायातली लमुवेल राजाची वचने तर त्याच्या आईनेच शिकवलेली आहेत. खान्देशातल्या अहिराणी बोलीतल्या म्हणी आणि आन्हे (कोडी) यांची जातकुळी हीच. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) अक्षर न शिकता जात्यावर आणि शेतात गाणी रचत होत्या, मुलाने ती टिपून ठेवली, १९५२ मध्ये ती छापली गेली आणि मग महाराष्ट्राला कळले की, शहाणपणाला साक्षरतेची अट नसते. बहिणाबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण नीतिसूत्रांतले होखमा काय आहे हे खान्देशी माणसाला समजवायचे असेल, तर त्यांच्या गाण्यांपेक्षा जवळची वाट मला दिसत नाही.

मुळात होखमा इस्राएलाच्या कुंपणात राहिलेलेच नाही. नीतिसूत्रांतल्या बाविसाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापासून पुढचा भाग ‘अमेनेमोपेची शिकवण’ या प्राचीन मिसरी (इजिप्तच्या) ग्रंथाशी फार जुळतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला तो पपायरस वॉलिस बजने १९२३ मध्ये छापला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅडॉल्फ एर्मान या जर्मन पंडिताने हे साम्य दाखवून दिले. गरिबाला लुबाडू नका, शेताची जुनी हद्द सरकवू नका, रागीट माणसाशी सोबत करू नका, अशी ती वचने. काही विश्वासणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. मला त्यात बिचकण्यासारखे वाटत नाही. इस्राएलाचा राजा शलमोन याचे शहाणपण मिसरच्या शहाणपणापेक्षा मोठे होते असे बायबलमधले ‘१ राजे’ हे पुस्तक स्वतःच सांगते. म्हणजे मिसरकडेही शहाणपण होते, हे गृहीतच धरलेले आहे. आणि बांध कोरणारा शेजारी नाईल काठाला होता तसा तापी काठालाही आहेच.

शहाणपण आणि माहिती यांतला फरक जिथे सर्वांत उघड होतो ती जागा नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय. चौथे वचन म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर देऊ नको, नाही तर तूही त्याच्यासारखाच होशील. लगेच पाचवे म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखे उत्तर दे, नाही तर तो स्वतःला शहाणा समजेल. लागोपाठ दोन वचने, एकमेकांच्या उलट. संकलन करणाऱ्याला डुलकी लागली होती असे नाही. आपल्याकडेही ‘जशास तसे’ आहे आणि ‘चिखलात दगड मारला की आपल्याच अंगावर उडतो’ हेही आहे. दोन्ही खरे. आज समोर उभा असलेला माणूस कुठल्या म्हणीतला, हे ओळखता येणे म्हणजे होखमा. म्हणून नुसता मुखपाठ पुरत नाही. एकतीस अध्याय, महिन्याचे एकतीस दिवस, तारखेप्रमाणे रोज एक, ही अनेक घरांतली सवय चांगलीच आहे, पण वचन पाठ असणे आणि वचनाची वेळ कळणे या दोन गोष्टी आहेत.

जुन्या करारात संकटांनी पिडलेल्या ईयोबाच्या मित्रांना वचने पाठ होती. पेराल तसे उगवते, पाप्याला शासन होते, हे सारे ते बरोबर बोलले आणि शेवटी देवाने त्यांनाच चुकीचे ठरवले. १८९९-१९०० चा छप्पन्न्या दुष्काळ खान्देशाने भोगला आहे. भुकेने माणसे मरत असताना ‘आळशाची अशीच गत होते’ हे वचन वाचून दाखवणारा माणूस शास्त्रातलेच बोलला असता, आणि ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसला असता.

आता मिळवायचे कसे. गिबोनात शलमोनाने धन किंवा दीर्घायुष्य न मागता न्याय करता येईल असे ‘ऐकणारे मन’ मागितले. हिब्रूत शब्द असेच आहेत. तिथे शहाणपण कानातून येते. पण त्याच शलमोनाच्या घरात ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी आल्या आणि म्हातारपणी त्याचे मन फिरले. एकदा मिळालेले शहाणपण जन्मभर पुरले नाही. वारशानेही गेले नाही. मुलगा रहबाम याने कराचे ओझे हलके करा म्हणणाऱ्या लोकांना काय सांगावे हे आधी वडीलजनांना विचारले, त्यांचा सल्ला बाजूला ठेवला, मग बरोबर वाढलेल्या मित्रांना विचारले आणि लोकांना दरडावले. एका उत्तरात इस्राएलाचे दहा वंश त्याच्या राज्यातून फुटून गेले. सल्ला त्याने विचारला होता, ही यातली मौज. जो आवडेल तो सापडेपर्यंत विचारत राहणे यालाही आपण सल्लामसलतच म्हणतो, आणि मंडळीच्या जागेच्या, इमारतीच्या वादांत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नव्या करारात प्रेषित पौल याच शब्दाला वधस्तंभाजवळ नेऊन उभे करतो. करिंथच्या मंडळीला तो लिहितो की, ख्रिस्त हाच देवाचे ज्ञान आहे, आणि जगाला ते मूर्खपण वाटते. याकोब जास्त घरगुती आहे. वरून आलेले शहाणपण ओळखायचे कसे, याची खूण तो तिसऱ्या अध्यायात देतो: ते शुद्ध असते, शांतिप्रिय असते, सौम्य असते, समजूत घातली तर ऐकणारे असते. हुशारीचा त्यात उल्लेखच नाही.

जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी मात्र एक उतारा आहे, जो आमच्याकडे फार वाचला जात नाही. शेतकरी सारखी नांगरटच करत बसतो काय, असे संदेष्टा विचारतो. जमीन सारखी झाली की तो जिरे टाकतो, गहू ओळीने पेरतो, सातू त्याच्या जागी, कडेला आणखी एक धान्य. जिरे तो मळणीच्या गाड्याखाली घालत नाही, काठीने झोडतो. भाकरीचे धान्यही चुरा होईपर्यंत मळत नाही. हे त्याला त्याचा देव शिकवतो. शहाद्याच्या किंवा शिरपूरच्या खळ्यावर उभ्या असलेल्या माणसाला यातले एकही वाक्य समजावून सांगावे लागत नाही.